रिसर्च पेपरसाठी सोर्स शोधायचे कसे आणि त्यातले धरायचे कुठले (बहात्तरच्या दुष्काळाचं उदाहरण घेऊन)

प्रोजेक्टचे दिवस आले की पोरांचे मेसेज सुरू होतात, जरा विश्वासार्ह सोर्सची लिस्ट पाठवा ना. अशी लिस्ट नसते हो. एकच कागद एका प्रश्नासाठी एकदम पक्का पुरावा असतो आणि दुसऱ्या प्रश्नासाठी बिनकामाचा. म्हणून सोर्स चांगला की वाईट हे विचारायच्या आधी त्याच्या भरवशावर आपण कुठलं वाक्य लिहिणार आहोत ते ठरवायचं, आणि मग ती गोष्ट पहिल्यांदा कोणी लिहिली, कशाच्या जोरावर लिहिली, तिथपर्यंत मागे मागे जायचं. एवढंच काम आहे, फक्त ते कंटाळवाणं आहे म्हणून कोणी करत नाही.

हवेत बोलण्यापेक्षा एक विषय धरू, महाराष्ट्रातला 1972 चा दुष्काळ. इतिहासवाले हा घेतात, अर्थशास्त्रवाले घेतात, समाजशास्त्रवाले घेतात, मराठीवाले ग्रामीण साहित्याच्या निमित्ताने घेतात, आणि घरात मिलोच्या (बाहेरून आलेल्या लाल ज्वारीच्या) भाकरीची नाहीतर सुकडीची (दुष्काळात वाटलेल्या पौष्टिक खाऊची) गोष्ट सांगणारं कोणीतरी असतंच, त्यामुळे सगळ्यांना वाटतं की हे आपल्याला माहितीच आहे. घोळ तिथूनच सुरू होतो.

आधी प्रश्न बारीक करा

"बहात्तरचा दुष्काळ: एक अभ्यास" या नावावर सोर्स शोधायला बसलात तर महिनाभर नुसते पीडीएफ गोळा कराल. त्यापेक्षा असा प्रश्न घ्या: 1972-73 मध्ये औरंगाबाद जिल्ह्यात दुष्काळी कामांवर बायका किती होत्या आणि त्यांना मजुरी काय मिळत होती. आता लगेच कळतं की काय काय लागणार, कामांच्या हजेरीचे आकडे, मजुरीचे सरकारी दर, त्या वेळची वर्तमानपत्रं, कामावर गेलेल्या बायकांच्या मुलाखती, आणि यावर आधी कोणी लिहिलं असेल तर ते. पाच प्रकारचे सोर्स, आणि प्रत्येकाला विचारायचे प्रश्न वेगळे.

सर्चमध्ये काय टाकायचं

इथे भले भले अडकतात. तुम्ही गुगलमध्ये आजची नावं टाकता आणि कागद त्या काळातले असतात. छत्रपती संभाजीनगर टाकून 1973 चा रिपोर्ट मिळणार नाही, औरंगाबाद टाकायला लागेल, तसंच अहिल्यानगरसाठी अहमदनगर, धाराशिवसाठी उस्मानाबाद, रायगडसाठी कुलाबा. इंग्रजी कागदात तर पुण्याचं पूना, सोलापूरचं शोलापूर आणि बीडचं भीर असतं, तेव्हा ती जुनी स्पेलिंगं एका कागदावर लिहून ठेवा आणि प्रत्येक वेळी दोन्ही टाकून बघा.

दुसरं म्हणजे फॅमिन, म्हणजे दुष्काळ, हा इंग्रजी शब्द. 1963 साली महाराष्ट्राने कायदा करून राज्यातल्या कायद्यांतून हा शब्दच काढून टाकला, खोटं वाटेल पण खरं आहे. त्यामुळे बहात्तरचे सरकारी कागद स्कॅर्सिटी म्हणतात, मराठीत टंचाई किंवा अवर्षण, आणि तुम्ही फॅमिन टाकून बसलात तर काहीच सापडत नाही आणि सरकारने काही लिहिलंच नाही असा शोध लावून मोकळे होता.

आणि जिल्ह्यांच्या हद्दी. जालना जिल्हा झाला 1981 मध्ये, लातूर 1982 मध्ये. कोणी लिहिलं असेल की 1972 ला जालना जिल्ह्यात अमुक इतकी कामं निघाली, तर एक तर त्याने जुन्या औरंगाबाद जिल्ह्यातले तालुकावार आकडे काढून बेरीज केलीय, आणि मग तसं त्याने कुठेतरी लिहिलेलं असलं पाहिजे, नाहीतर ठोकून दिलंय. ही एवढीशी चाचणी, पण वाचताना हिच्यामुळे कितीतरी पानं बाजूला पडतात.

शोधायचं कुठे

गुगल स्कॉलरने सुरुवात करा, पण वरच्या चार लिंक उघडून थांबू नका. एक बरा लेख मिळाला की त्याच्या खालच्या संदर्भसूचीतून मागे जायचं आणि स्कॉलरमधल्या 'साइटेड बाय' वर क्लिक करून पुढे यायचं, म्हणजे नंतर कोणी त्याला दुजोरा दिला, कोणी खोडून काढलं ते दिसतं. या विषयावर अर्थशास्त्रज्ञ ज्याँ द्रेझ यांनी सविस्तर लिहिलंय, तिथून दोन्ही दिशांना भरपूर धागे निघतात. इकॉनॉमिक अँड पोलिटिकल वीकली मुंबईतूनच निघतं, त्याचे त्या वर्षांचे अंक हा तर खजिना आहे, जुने अंक जेस्टोर या जर्नल्सच्या ऑनलाइन साठ्यावर आहेत. तिथे फुकट अकाउंट काढून महिन्याला ठरावीक लेख ऑनलाइन वाचता येतात. सरकारी कॉलेजात किंवा विद्यापीठात असाल तर 2025 पासून वन नेशन वन सबस्क्रिप्शन सुरू झालंय, त्यात हजारो जर्नल्स आहेत, लायब्ररीत जाऊन लॉगिनचं विचारा, कारण बऱ्याच पोरांना हे माहितीच नसतं.

शोधगंगा, म्हणजे गांधीनगरच्या इन्फ्लिबनेटची साईट, तिथे पीएचडीचे प्रबंध मिळतात, मराठीतलेसुद्धा. त्यांचा खरा उपयोग मागच्या संदर्भसूचीसाठी. प्रबंधातला आकडा उचलून तसाच वापरायचा नाही, त्याने तो कुठून घेतला ते बघायचं. काही प्रबंध फार मेहनतीने केलेले असतात, काहींमध्ये जिल्ह्याची ओळख नावाचं अख्खं प्रकरण गॅझेटियरमधून, म्हणजे जिल्ह्याच्या सरकारी माहितीग्रंथातून, उतरवलेलं असतं, आणि हे वाचल्याशिवाय कळत नाही, गाइडचं नाव बघून तर अजिबात कळत नाही.

गॅझेटियर राज्य सरकारच्या साईटवर आहेत. फक्त आपण कुठलं वाचतोय ते आधी बघा, एकोणिसाव्या शतकात कॅम्पबेलने संपादित केलेलं मुंबई इलाख्याचं की राज्य झाल्यावर नव्याने केलेलं, कारण दोन्हींचे पीडीएफ शेजारी शेजारी पडलेले असतात आणि गडबडीत ब्रिटिशांच्या काळातली पीकपद्धत बहात्तरची म्हणून दिली जाते. मराठी विश्वकोशाचंही तेच. ओळख करून घ्यायला उत्तम, पण पहिला खंड 1976 चा आहे, नोंद कुठल्या खंडातली आणि तो खंड कधीचा ते बघून मगच त्यातली लोकसंख्या वगैरे घ्या. पावसाचे आकडे हवे असतील तर कोणाच्या पुस्तकातून घेऊ नका, सरळ हवामान खात्याचे बघा, पुण्यात त्यांचं ऑफिस आहे, जुने पुणेकर त्याला शिमला ऑफिस म्हणतात. पुण्यातच गोखले इन्स्टिट्यूटच्या लायब्ररीत जनगणनेचे आणि सरकारी समित्यांचे जुने अहवाल आहेत, नेटवर न मिळालेलं बरंच तिथे सापडतं.

विकिपीडियाला शिव्या द्यायची फॅशन आहे. मी म्हणतो वाचा, बिनधास्त वाचा, पण लेखाच्या तळाशी जाऊन संदर्भ उघडा आणि पेपरात त्या मूळ संदर्भाचं नाव द्या, तेही तो स्वतः वाचला असेल तरच.

एकाच योजनेची चार जन्मवर्षं

आता मुख्य गोष्ट. रोजगार हमी योजना कधी सुरू झाली हे शोधून बघा. एक साईट म्हणते 1972, दुसरी 1977, तिसरी 1979, आणि एखादी 2005 सुद्धा म्हणते. आपली पोरं काय करतात, जे सगळ्यात जास्त वेळा दिसेल ते धरतात. मोजदाद करून सत्य ठरत नाही, कारण दहा साईटनी एकाच साईटवरून कॉपी मारलेली असते, म्हणजे सोर्स दहा नाहीत, एकच आहे.

मागे गेलात की कळतं की यातलं कोणी तसं खोटं बोलत नाहीये. विधान परिषदेचे सभापती वि. स. पागे यांच्या डोक्यातली ही कल्पना, तिचा पहिला प्रयोग त्यांनी सांगली जिल्ह्यात तासगाव तालुक्यातल्या विसापूरला केला. योजना म्हणून राज्यात ती आली 1972 मध्ये, वसंतराव नाईक मुख्यमंत्री असताना. कायदा झाला 1977 चा, आणि तो लागू झाला 26 जानेवारी 1979 पासून. 2005 चा कायदा केंद्राचा, तो देशभरासाठी. म्हणजे "सुरू झाली" या शब्दाखाली चार वेगळ्या घटना आहेत आणि तुमच्या पेपराला त्यातली कुठली हवीय ते तुम्हीच ठरवायचं. बहात्तर-त्र्याहत्तर सालच्या खडी फोडणाऱ्या बाईला कामाचा कायदेशीर हक्क होता असं लिहिलंत तर चुकलात, कारण कायदा तेव्हा नव्हताच, आणि ती ज्या कामावर होती ते दुष्काळी काम होतं की रोजगार हमीचं हेही तपासायला लागेल, कारण दुष्काळ असेपर्यंत मुख्य भर दुष्काळी कामांवरच होता.

आणि हे पक्कं कुठून करायचं? कायद्याचं वर्ष कायद्यातूनच. कायद्याची पीडीएफ सरकारी साईटवर मिळते, पहिल्याच पानावर क्रमांक आणि वर्ष असतं. एमपीएससीच्या गाइडमधून नाही, ब्लॉगवरून नाही, आणि माझ्या या लेखातून तर मुळीच नाही.

आकड्यांच्या बाबतीत आणखी एक पायरी असते, तो आकडा नेमका कशाचा आहे. मे 1973 मध्ये दुष्काळी कामांवर जवळपास 50 लाख मजूर होते, हा आकडा बरोबर आहे आणि सगळीकडे असतो. पण तो ऐन उन्हाळ्यातल्या सगळ्यात जास्त हजेरीचा आकडा आहे, वर्षाची सरासरी नव्हे आणि वर्षभरात कधी ना कधी कामावर आलेल्या सगळ्या माणसांची बेरीजही नव्हे. फॉरवर्डमध्ये येईपर्यंत त्याचं "50 लाख लोक वर्षभर कामावर" होतं, पुढच्या हाताला "50 लाख लोक उपाशी", गावात बातमी फिरते तशीच ही पण फिरते, प्रत्येक ओट्यावर थोडी थोडी वाढत. आकडा उतरवताना त्याच्या बाजूचे शब्दही उतरवा. महिना, वर्ष, जिल्हा की राज्य, माणसं की मनुष्यदिवस (एका माणसाचं एका दिवसाचं काम म्हणजे एक). मनुष्यदिवसाला माणसं समजून घेतलेले गोंधळ तर विचारू नका.

बोलणारा कोण, त्याचं काय अडकलंय

बहात्तरच्या दुष्काळात भूकबळी झालेच नाहीत, हे वाक्य तुम्हाला खूप ठिकाणी मिळेल. हे तपासायला बसलात की सोर्सचं मूल्यमापन म्हणजे काय ते आपोआप शिकता. सरकारी अहवालात हे वाक्य असेल तर लक्षात ठेवायचं की भूकबळी झाला असं लिहिलं तर उत्तर सरकारलाच द्यावं लागणार होतं. म्हणजे अहवाल फेकून द्यायचा नाही. किती कामं काढली, किती पाझर तलाव आणि नालाबांध झाले, मजुरी किती वाटली यासाठी तोच सगळ्यात जवळचा सोर्स, पण स्वतःच्या यशापयशाबद्दल तो जे बोलतो त्याला दुसरीकडून आधार शोधायचा. विरोधकांची भाषणं विधिमंडळाच्या कार्यवृत्तात मिळतात, त्यांचंही काहीतरी अडकलेलं असतं, उलट्या बाजूने. मग मृत्युदराचे आकडे, ते नोंदणीतून आलेत की नमुना पाहणीतून, खेड्यात नोंदी तेव्हा किती होत होत्या. आणि उपासमारीने थेट मेलेला माणूस आणि कुपोषणाने अंग खचून नंतर साध्या आजाराने गेलेलं पोर यात सरकारी रकाना फरक करतो, तुमच्या पेपराने तो फरक वाचकाला सांगायला हवा. हे सगळं करून झाल्यावर तुमचं वाक्य कदाचित "मोठ्या प्रमाणावर भूकबळी टळले असं बहुतेक अभ्यासक मानतात, मात्र..." असं होईल. ऐकायला मिळमिळीत, पण टिकणारं.

वर्तमानपत्रं त्या दिवसाला काय माहीत होतं ते सांगतात, एवढं लक्षात ठेवलं की पुरे. मोर्चा कधी निघाला, मंत्री कुठे गेले, बाजारात ज्वारी काय भावाने होती, यासाठी झकास. दोन तरी पेपर बघा, एक पुण्या-मुंबईचा आणि एक त्या भागातला, कारण मराठवाड्यातल्या तालुक्याची बातमी मुंबईत आतल्या पानावर चार ओळी असते. आणि दुष्काळाला पंचवीस-पन्नास वर्षं झाली म्हणून निघालेल्या पुरवण्या त्या काळातला पुरावा धरू नका, त्या आठवणी आहेत.

आठवणींबद्दल मात्र मला जरा जास्त बोलायचंय, कारण एक तर पोरं त्या घेतच नाहीत किंवा घेतल्या तर देवाची वाणी म्हणून घेतात. तुमची आजी कामावर गेली असेल तर मुकादम हजेरी कशी मांडायचा, पगार किती दिवसांनी व्हायचा, तान्हं मूल कुठे ठेवायचे, सुकडी कोणाला मिळायची आणि कोणाला नाही, हे तिच्याइतकं कुठल्याही अहवालाला माहिती नाही. पण तालुक्यात किती लोक कामावर होते ते तिला विचारू नका. आणि साल विचारायचं तर थेट विचारू नका, कोणाचं लग्न झालं होतं, कोण पोटात होतं, विहीर कधी खणली, अशा खुणांनी काढा, कारण नंतरचे दुष्काळही लोकांच्या मनात "बहात्तर" मध्ये जाऊन बसलेले असतात. ती तेव्हा किती वर्षांची होती ते लिहा. पाच वर्षांच्या पोरीची आठवण आणि पंचविशीतल्या बाईची आठवण एका पारड्यात घालता येत नाही. जातीचं, जमिनीचं पण विचारा, नीट आणि सांभाळून, कारण चार एकर असलेल्याचा दुष्काळ आणि भूमिहीनाचा दुष्काळ वेगळा होता. रेकॉर्ड करण्याआधी परवानगी, आणि नाव छापायचं की नाही हेही तिलाच विचारायचं, घरचं माणूस असलं तरी.

जर्नल असलं म्हणजे झालं असं नाही

आयएसएसएन नंबर आहे म्हणजे जर्नल चांगलं, हा समज मास्तर लोकांमध्येसुद्धा आहे. तो नुसता ओळख क्रमांक आहे, त्याचा दर्जाशी काही संबंध नाही. 2018 मध्ये यूजीसीने स्वतःच्याच मान्य यादीतून 4,305 जर्नल्स एका फटक्यात काढून टाकली, मग केअर लिस्ट ही मान्य जर्नल्सची नवी यादी आली, तिचं काम पुण्याच्या सावित्रीबाई फुले विद्यापीठातून चालायचं, आणि 2025 मध्ये ती पण बंद केली. म्हणजे आता यादीकडे बोट दाखवून सुटका नाही, आपलं आपणच बघायचं. जर्नल्स काढणाऱ्या हैदराबादच्या ओमिक्स कंपनीला 2019 मध्ये अमेरिकेतल्या कोर्टाने पाच कोटी डॉलरच्या वर दंड ठोकला, तपासणी न करता पेपर छापायचे आणि संपादक मंडळावर लोकांची नावं खोटी लावायची, असले आरोप होते.

ओळखायचं कसं? नावात इंटरनॅशनल आणि मल्टिडिसिप्लिनरी दोन्ही, एकाच अंकात बटाट्यावरची कीड, संत तुकाराम आणि जीएसटी, पेपर पाठवा आणि दोन दिवसांत ॲक्सेप्टन्स घ्या, कधी न ऐकलेल्या संस्थेने दिलेला इम्पॅक्ट फॅक्टर (जर्नलमधल्या लेखांचा संदर्भ किती वेळा दिला जातो त्याचा आकडा). एवढं दिसलं की बंद करा. शंका असेल तर संपादक मंडळातलं एखादं नाव घेऊन त्या माणसाच्या स्वतःच्या विद्यापीठाच्या पानावर जा आणि तिथे या जर्नलचा उल्लेख आहे का बघा. हीच युक्ती कुठल्याही साईटला लागू पडते. स्टॅनफर्डमध्ये सॅम वाइनबर्ग आणि सारा मॅकग्रू यांनी इतिहासाचे प्राध्यापक, विद्यार्थी आणि फॅक्टचेक करणारे असे तिघांना साईट तपासायला बसवलं, तर प्राध्यापक मंडळी त्याच पानावर वरखाली वाचत बसली आणि चकचकीत लोगोला फसली, फॅक्टचेकवाले लगेच नवीन टॅब उघडून या संस्थेबद्दल बाकीचे काय म्हणतात ते बघायला गेले. साईटचं 'आमच्याविषयी' पान शेवटी वाचा, आधी बाहेरचे काय म्हणतात ते बघा.

नावाजलेल्या जर्नलमधलाही पेपर मागे घेतला गेलेला असू शकतो. लॅन्सेट या वैद्यकीय जर्नलने लशीचा ऑटिझमशी संबंध जोडणारा 1998 चा पेपर 2010 मध्ये मागे घेतला, मधली बारा वर्षं लोक तो दाखवत फिरत होते. मागे घेतलेल्या पेपरांची नोंद ठेवणारा रिट्रॅक्शन वॉचचा डेटाबेस फुकट आहे, पेपराचं नाव टाकून बघायला मिनिट लागत नाही.

चॅटजीपीटी वगैरेंना संदर्भ मागितलेत तर प्रत्येक संदर्भ स्वतः उघडून बघा, डीओआय (लेखाचा कायमचा ऑनलाइन क्रमांक) उघडतोय का, उघडल्यावर तोच लेखक, तेच वर्ष, तेच नाव आहे का. 2023 मध्ये न्यूयॉर्कच्या वकिलांनी असेच नसलेले खटले कोर्टात दिले आणि 5,000 डॉलर दंड भरला. मराठी पुस्तकांच्या बाबतीत तर हे जास्तच होतं, लेखक खरा, प्रकाशक खरा, पुस्तक मात्र अस्तित्वातच नाही. फोटोचंही बघा. हाडांचे सापळे झालेल्या माणसांचे 1876-78 च्या मद्रास दुष्काळातले जुने फोटो कुठल्याही दुष्काळाच्या नावाने चिकटवलेले असतात, रिव्हर्स इमेज सर्च करा, म्हणजे फोटोच सर्चमध्ये टाकून तो आधी कुठे आलाय ते बघा.

वाचताना टिपायचं कसं

झोटेरो हे संदर्भ साठवायचं सॉफ्टवेअर फुकट आहे, वापरा. पण त्याच्यासोबत एक साधी एक्सेल शीट ठेवा: मला लिहायचं वाक्य, ते कुठे मिळालं, पान नंबर, त्याने कुठून घेतलं, मी मूळ बघितलं का. या शेवटच्या रकान्यात जिथे "नाही" असेल तिथे पेपरात "अमुक यांनी उद्धृत केल्याप्रमाणे" असं लिहायचं, मूळ वाचल्याचा आव आणायचा नाही. परीक्षक नेमकं तेच पान काढून विचारतो.

दोन चांगले सोर्स एकमेकांच्या विरुद्ध बोलत असतील तर घाबरून एक लपवू नका. दोघांनी मोजलं काय आणि कधी ते बघा, बऱ्याचदा भांडण तिथेच मिटतं, नाही मिटलं तर दोन्ही आकडे द्या आणि तुम्ही कुठला का धरला ते तळटीपेत एका ओळीत सांगा. थांबायचं कधी, तर नवीन लेखांच्या संदर्भसूचीत तीच ती नावं यायला लागली आणि तुम्ही ती वाचलेली असली की.

मुंबईच्या पुराभिलेखागारात (जुने सरकारी कागद ठेवतात तिथे) किंवा कुठल्याही जुन्या लायब्ररीत जायचं असेल तर आधी फोन करून वेळ आणि नियम विचारून घ्या, गाइडचं लेटरहेडवरचं पत्र, ओळखपत्र, दोन फोटो आणि पेन्सिल बरोबर ठेवा, मोबाइलने फोटो काढू देतात का ते विचारल्याशिवाय काढू नका. आणि "दुष्काळाबद्दल काय आहे" असं मोघम विचारू नका, खातं आणि साल सांगा, महसूल, 1972-73, टंचाई.